उन्हाचा बावटा कोण लावणार?

वादळाची चिन्हे दिसू लागली म्हणजे बंदरावर बावटा चढतो. तीन नंबरचा बावटा लागला, एवढे कानी पडले की पाचूबंदरचा नाखवा होडी बाहेर काढीत नाही आणि बाहेर गेलेली होडी किनाऱ्याची वाट धरते. त्या बावट्यासाठी कोणी नाखव्याला व्याख्यान देत नाही. बावटा दिसतो, त्याचा अर्थ ठरलेला आहे आणि तो पाळला नाही तर काय होते हे प्रत्येक घराला ठाऊक आहे. समुद्राच्या वादळासाठी ही व्यवस्था माणसाने उभी केली. तिने वाचविलेले प्राण मोजता येणार नाहीत.

मग आमचा प्रश्न असा आहे : उन्हाचा बावटा कोठे आहे? वसईच्या किल्ल्याच्या अंगाला वसलेल्या या कोळीवाड्याच्या किनाऱ्यावर एप्रिलच्या दुपारी उभे राहून पाहावे. बोंबील, मांदेली, जवळा सुकविणाऱ्या बाया भर उन्हात वाकून मासळी उलटीत असतात. तालुक्यातील मिठागरांवर मजूर गुडघ्याएवढ्या खाऱ्या पाण्यात उभा असतो. नालासोपारा आणि विरार येथे उठणाऱ्या इमारतींच्या स्लॅबवर नाक्यावरून आणलेला मजूर घमेली वाहत असतो. या सर्वांवर एक अदृश्य वादळ चालून येत असते. त्याची वार्ता वेधशाळेला चार-पाच दिवस आधी असू शकते. पण ज्याच्या डोक्यावर ते वादळ फुटावयाचे, त्याला ती वार्ता सर्वांत शेवटी कळते आणि कळली तरी तिचा त्याला काही उपयोग करता येत नाही. हा निसर्गाचा कोप नव्हे. हा व्यवस्थेचा अन्याय आहे, आणि अन्यायाला अन्याय म्हणावयास आमच्या बांधवांनी शिकले पाहिजे.

प्रथम हे अंदाज कसे होतात ते समजून घेऊ. जे समजले नाही त्याच्यावर हक्क सांगता येत नाही.

किनाऱ्यावरील उष्णतेचे गणित वाऱ्याच्या हाती आहे. रात्री जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारे वाहतात आणि दिवस चढला म्हणजे समुद्राकडून खारे वारे येतात, हे आपण शाळेत शिकलो. हे खारे वारे वेळेवर आले तर किनाऱ्यावरील पारा आवरला जातो. परंतु फेब्रुवारी ते एप्रिल या महिन्यांत काही दिवस पूर्वेकडून, म्हणजे तापलेल्या भूमीवरून, जोराचा कोरडा वारा वाहतो आणि तो खाऱ्या वाऱ्याला दुपार टळेपर्यंत दारातच अडवून धरतो. तेवढ्या दोन-तीन तासांत तापमान कित्येक अंशांनी चढते. फेब्रुवारी २०२५ मध्ये, उन्हाळा सुरू व्हावयाच्या आधीच, मुंबईच्या सांताक्रूझ वेधशाळेत पारा ३८ अंशांच्या वर गेला, तो असाच. तेव्हा वसईच्या किनाऱ्यावर उद्या किती तापेल, हा प्रश्न पुष्कळ अंशी ‘उद्या खारा वारा किती वाजता येईल’ या प्रश्नात सामावलेला आहे. म्हणूनच तो अवघड आहे. ज्या गणिती यंत्रांवर अंदाज बांधतात ती पृथ्वीचे चौकोन पाडतात आणि प्रत्येक चौकोनाचा हिशेब करतात. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने विकसित केलेली आणि २०२५ साली सुरू झालेली नवी भारतीय अंदाजप्रणाली सहा किलोमीटरचा चौकोन धरते. पूर्वी तो बारा किलोमीटरचा होता. ही प्रगती मोठी आहे. तथापि पाचूबंदरचा सारा किनारा त्या एका चौकोनात बुडून जातो, हेही लक्षात ठेवावे.

येथे कोणी पांडित्याने म्हणेल, “वेधशाळेचा अंदाज कधी खरा होतो काय? त्यापेक्षा आमचे पंचांग बरे.” धर्मांतर झालेल्या घरांतूनसुद्धा अजून मृग नक्षत्राचे वाहन बेडूक की कोल्हा याची चौकशी होते, हे आम्ही पाहिले आहे. बुलढाणा जिल्ह्यात भेंडवळला अक्षय्य तृतीयेच्या सुमारास घटमांडणी होते आणि रात्रभर शेतात ठेवलेल्या धान्यावरून वर्षाचे भाकीत सांगितले जाते. वर्तमानपत्रे ते छापतात, माणसे ते वाचतात. आता या दोन प्रकारच्या भाकितांतील फरक पाहा. पंचांगकर्त्याने आपली किती भाकिते चुकली याचा ताळेबंद कधी प्रसिद्ध केला आहे काय? बेडूक वाहन असून पाऊस पडला नाही, म्हणून पुढील वर्षी त्याने आपली रीत बदलली काय? विज्ञानाची गोष्ट निराळी आहे. रिचर्डसन नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने पहिल्या महायुद्धात, फ्रान्समध्ये जखमींना वाहून नेण्याचे काम करीत असताना, हाताने आकडेमोड करून २० मे १९१० या दिवसाचे हवामान पडताळून पाहिले. उत्तर हास्यास्पद आले. सहा तासांत हवेचा दाब १४५ एककांनी बदलेल, असे त्याच्या गणिताने सांगितले, आणि प्रत्यक्षात दाब जवळजवळ स्थिर होता. त्याने काय केले? ती चूक लपविली नाही. १९२२ साली आपल्या ग्रंथात ती सविस्तर छापली. त्या चुकीचे कारण पुढीलांनी शोधले आणि १९५० साली अमेरिकेत गणकयंत्रावर पहिला यशस्वी अंदाज निघाला.

आपल्या देशातही असेच. मे २०२४ मध्ये दिल्लीच्या मुंगेशपूर केंद्रावर ५२.९ अंश आणि नागपूरच्या एका स्वयंचलित केंद्रावर ५६ अंश अशा नोंदी झाल्या. देशभर खळबळ उडाली. हवामान खात्याने उपकरणे तपासली. मुंगेशपूरचे उपकरण तीन अंश अधिक दाखवीत होते आणि नागपूरचेही सदोष होते, असे जाहीर केले. जो आपली चूक स्वतः शोधतो आणि सांगतो, त्याच्यावर विश्वास ठेवावा. जो कधीच चुकत नाही असे म्हणतो, त्याच्यापासून सावध राहावे. परंपरेने आले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, सांगणारा मोठा आहे म्हणून कोणतीही गोष्ट मानू नका, असा उपदेश तथागतांनी कालामांना केला होता. तो केवळ मंदिराच्या पायरीपुरता नाही. तो पंचांगालाही लागू आहे आणि वेधशाळेलाही.

होय, वेधशाळेलाही! आता आम्ही त्या बाजूकडे वळतो.

अतितीव्र उष्णतेचा अंदाज हा साध्या अंदाजाहून कठीण असतो, त्याचे कारण समजण्यासारखे आहे. असे दिवस फार थोडे. त्यामुळे यंत्राला शिकण्यास उदाहरणे थोडी. यंत्राचे आकडे मागील अनुभवाच्या आधारे दुरुस्त करावयाचे म्हटले, तर ती दुरुस्तीच त्यांना नेहमीच्या सरासरीकडे ओढते. त्यातून हवामानच बदलत चालले असता मागील अनुभव हा पुढील वाटेचा पुरता वाटाड्या राहत नाही. कॅनडातील लिटन या गावी २९ जून २०२१ रोजी ४९.६ अंश तापमान झाले. त्या देशाचा जुना उच्चांक १९३७ सालचा, ४५ अंशांचा होता. तो अर्ध्या अंशाने नव्हे, साडेचार अंशांहून अधिकाने मोडला. केवळ जुन्या नोंदींवर बसून हिशेब करणाऱ्याने असे घडणे अशक्य आहे असेच म्हटले असते. परंतु वातावरणाच्या भौतिक नियमांवर चालणाऱ्या यंत्रांनी ही लाट कित्येक दिवस आधी दाखविली होती. त्यासाठी एकच हिशेब करून थांबत नाहीत. प्रारंभीच्या स्थितीत किंचित किंचित फरक करून तोच हिशेब अनेकदा करतात. युरोपच्या हवामान केंद्रात तो पन्नास वेळा होतो. पन्नासांपैकी चाळीस हिशेब ‘भयंकर उष्णता’ म्हणत असतील, तर शहाण्याने पाणी भरून ठेवावे. पाचच म्हणत असतील, तरी झोपी जाऊ नये. अंदाज म्हणजे भविष्यवाणी नव्हे. तो संभवाचा हिशेब आहे.

आणि तरीही त्या लाटेत ब्रिटिश कोलंबिया प्रांतात ६१९ माणसे उष्णतेने मेली. बहुतेक घरातच मेली. त्यांत म्हातारी माणसे आणि एकटी राहणारी माणसे फार होती. श्रीमंत देश, अंदाज बरोबर, आणि माणसे मेली! यावरून जो बोध घ्यावयाचा तो आम्ही ठळकपणे सांगतो : अंदाज बरोबर असणे पुरेसे नाही. अंदाज आणि माणूस यांच्यामध्ये जी दरी आहे, तीत माणसे मरतात.

ही दरी आमच्या दाराशीही आहे. १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईत खारघरच्या मैदानावर लाखोंचा समुदाय उघड्यावर तासन् तास बसला होता. जवळच्या केंद्रावर कमाल तापमान ३८ अंशांच्या आसपास होते. विदर्भातील माणसाला हा आकडा किरकोळ वाटेल. त्या दिवशीच्या उष्माघाताने १४ माणसे मेली. किनाऱ्यावरील ३८ अंश आणि नागपुरातील ३८ अंश एक नव्हेत. हवेत ओल असली म्हणजे घाम वाळत नाही, आणि घाम वाळला नाही म्हणजे अंगातील उष्णता बाहेर पडत नाही. व्यासपीठावर मांडव होता; समुदायाच्या डोक्यावर आकाश होते. ऊन जात पाहत नाही, वर्ग पाहत नाही, हे खरे. पण सावली दोन्ही पाहते.

आता नियम पाहा. किनाऱ्यावर उष्णतेची लाट म्हणावयाची तर कमाल तापमान निदान ३७ अंश पाहिजे आणि ते सरासरीहून निदान ४.५ अंशांनी अधिक पाहिजे. शिवाय त्या हवामान-उपविभागात निदान दोन केंद्रांवर सलग दोन दिवस तसे झाले, म्हणजे दुसऱ्या दिवशी लाट जाहीर व्हावयाची. आमचा उपविभाग ‘कोकण आणि गोवा’ : डहाणूपासून गोव्यापर्यंत! इशारे जिल्हावार निघतात हे आम्ही मान्य करतो. ‘उष्ण व दमट’ असा इशाराही अलीकडे देतात आणि २०२३ पासून उष्मा-निर्देशांक प्रायोगिकरीत्या काढू लागले आहेत, त्याचे स्वागत करतो. परंतु मूळ व्याख्या सावलीतील पेटीत ठेवलेल्या कोरड्या पाऱ्याची आहे. पत्र्याच्या खोलीत रात्री अकरा वाजता किती तापते, मिठागरावरील मजुराच्या पाठीवर किती तापते, याची ती नोंद घेत नाही.

आणखी एक गोम आहे. ‘सरासरी’ म्हणजे कोणती? पूर्वी ती १९८१ ते २०१० या तीस वर्षांची होती. आता ती १९९१ ते २०२० ची आहे. जगभर हीच रीत आहे आणि नोंदवहीसाठी ती ठीकही असेल. पण तिचा परिणाम पाहा. समजा, एका गावाची सरासरी ३३ अंश आहे; तर ३७.५ अंशांना लाट होते. उद्या तीच सरासरी ३४ झाली, तर लाट व्हावयास ३८.५ लागतील. म्हणजे जग जितके तापेल, तितकी लाटेची पायरी वर चढेल! मजुराचे शरीर मात्र तीस वर्षांनी सुधारून मिळत नाही. माणसाच्या अंगाची उष्णता आजोबांच्या काळी होती तीच आज आहे. पायरी माणसाच्या शरीराला बांधली पाहिजे. केवळ बदलत्या सरासरीला नव्हे.

येथे एक युक्तिवाद पुढे येईल, त्याचे उत्तर देऊन ठेवतो. कोणी म्हणेल, “सांताक्रूझला १४ एप्रिल १९५२ रोजी ४२.२ अंश झाले होते आणि २८ मार्च १९५६ रोजी ४१.७ अंश. तेव्हा बदलत्या हवामानाची भाषा नव्हती. मग आज कसली ओरड?” आकडे खरे आहेत. पहिली तारीख तर बाबासाहेबांच्या जयंतीची. परंतु युक्तिवाद खोटा आहे. पाचूबंदरच्या माणसाला तो लाट आणि भरती यांच्या भाषेत चटकन समजेल. ओहोटीच्या वेळीही एखादी मोठी लाट धक्क्यावर आदळते. तेवढ्यावरून समुद्राची पातळी ठरत नाही. भरती चढली म्हणजे साधी लाटही धक्क्यावर येते आणि मोठी लाट घरात शिरते. १९५२ चा तो दिवस ही एक लाट होती. भरती म्हणजे सरासरी, आणि ती चढली आहे : १९०१ ते २०१८ या काळात भारताचे सरासरी तापमान सुमारे ०.७ अंशाने वाढले. १९०१ पासूनच्या नोंदींत २०२४ हे सर्वांत उष्ण वर्ष ठरले, ते १९९१ ते २०२० च्या आधीच वाढलेल्या सरासरीहूनही ०.६५ अंशाने अधिक होते. या भरतीवर १९५२ सारखी लाट पुन्हा आली तर काय होईल, याचा विचार करावयाचा आहे.

दुसरा युक्तिवाद अधिक विषारी आहे. “ऊन या लोकांना नवे नाही. यांना सवय असते.” ही भाषा आम्ही ओळखतो! घाणीची यांना सवय असते, उपासाची यांना सवय असते, ओझ्याची यांना सवय असते, हीच ती भाषा. सवयीने शरीर थोडेबहुत सावरते हे खरे. पण अंगातील उष्णता ४० अंशांच्या पुढे गेली म्हणजे सवयीचा माणूसही बरळू लागतो, बेशुद्ध पडतो आणि मरतो. मेल्यावर कागदावर पुष्कळदा ‘हृदय बंद पडले’ एवढेच लिहिले जाते. ज्याचे मरण मोजले जात नाही, त्याच्यासाठी बावटा लागत नाही.

मग इशारा येतो तरी कसा? ‘दुपारी बारा ते तीन घराबाहेर पडू नये.’ हा उपदेश कोणाला? बोंबील वाळतात ते उन्हानेच. ऊन जितके कडक, तितके मीठ लवकर धरते. नाक्यावरच्या मजुराने दुपार गाळली तर त्याची अर्धी मजुरी गेली. ज्याची रोजी उन्हातच आहे, त्याला ‘उन्हात जाऊ नको’ असे सांगणे म्हणजे उपाशी माणसाला पथ्य सांगणे होय. १९४२ ते १९४६ या काळात मजूर खाते सांभाळताना बाबासाहेबांनी कामाच्या तासांना मर्यादा घालण्याचा प्रश्न हाती घेतला, तो मजुराला उपदेश करून नव्हे, कायदा पुढे करून. १९४८ च्या कारखाने कायद्याने कारखान्याच्या खोलीतील हवा आणि उष्णता यांचा विचार केला होता. पण ज्याच्या कारखान्याला छप्परच नाही, त्याचा विचार कोणी करावयाचा?

हे अशक्य नाही. मे २०१० मध्ये अहमदाबादेत पारा ४६.८ अंशांवर गेला आणि त्या महिन्यात नेहमीपेक्षा तेराशेहून अधिक माणसे जास्त दगावली, असे नंतरच्या अभ्यासात दिसले. त्या शहराने २०१३ साली उष्णतेविरुद्ध कृतियोजना केली : अंदाज आला की कोणी कोणाला कळवावयाचे, दवाखान्यांनी काय सिद्धता करावयाची, पाणी कोठे ठेवावयाचे, हे आधीच ठरविले. नागपुरासह अनेक शहरांनी पुढे त्या वाटेने योजना केल्या. तेव्हा मार्ग ठाऊक आहे. तो शेवटच्या वस्तीपर्यंत नेण्याची इच्छा पाहिजे.

आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. प्रत्येक बंदरावर, नाक्यावर, शाळेवर आणि मिठागराच्या तोंडाशी पिवळ्या, नारिंगी आणि लाल इशाऱ्याचा बावटा लागला पाहिजे. ज्याला वाचता येत नाही, ज्याच्यापाशी फोन नाही, त्यालाही तो दिसला पाहिजे. इशारा ठरविताना हवेतील ओल आणि रात्रीची उष्णता मोजली पाहिजे. तापमान वेधशाळेच्या आवारात मोजतात, तसे दाट वस्त्यांतही मोजले पाहिजे. लाल बावटा लागला की दुपारचे काम थांबले पाहिजे आणि त्या तासांची मजुरी कापली जाता कामा नये. जे स्वतःच्या धंद्यावर जगतात, त्या मासळी सुकविणाऱ्या बायांना सावलीचे मांडव, पिण्याचे पाणी आणि बुडालेल्या दिवसाची भरपाई मिळाली पाहिजे. आणि उष्णतेचे मरण उष्णतेचे म्हणून नोंदले गेले पाहिजे. यात भीक कोठेच नाही. २० मार्च १९२७ रोजी महाडला चवदार तळ्यावर आपण पाणी मागितले नव्हते. हक्काने ओंजळ भरली होती. अंदाज हेही सार्वजनिक तळेच आहे. सर्वांच्या पैशाने ते भरले आहे, आणि त्यातील पाणी सर्वांच्या ओठाशी आले पाहिजे.

परंतु दुसऱ्याला विचारण्यापूर्वी आपणही आपल्याला विचारावे. आपली जयंती एप्रिलमध्ये आणि बुद्धपौर्णिमा बहुधा मे महिन्यात येते. दुपारच्या मिरवणुका, लहान मुले, वृद्ध आया, पायांखाली तापलेला डांबरी रस्ता : खारघरचा धडा आपल्यालाही आहे. मिरवणूक सकाळी किंवा सूर्यास्तानंतर काढावी, दर थोड्या अंतरावर पाणी आणि सावली ठेवावी, आदल्या दिवशी वेधशाळेचा इशारा विहारात वाचून दाखवावा. कोणी भोवळ येऊन पडला, बरळू लागला, तर त्याला सावलीत न्यावे, अंगावर पाणी ओतावे, वारा घालावा आणि विलंब न लावता दवाखान्यात पोहोचवावे. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नये. नवस, उतारा, अंगारा यांत एक क्षणही दवडू नये.

आणखी एक सांगणे मुलामुलींना आहे. अन्ना मणी नावाच्या बाई १९४८ साली पुण्याच्या हवामान खात्यात आल्या आणि हवामान मोजण्याची उपकरणे याच देशात अचूक बनावीत यासाठी त्यांनी जन्म वेचला. ते खाते, ती यंत्रे, ती गणिते कोणा एका वर्गाची मिरास नव्हे. पाचूबंदरच्या कोळ्याची मुलगी आणि आपल्या वस्तीतील मुलगा तेथे बसलेले आम्हांस पाहावयाचे आहेत. खारा वारा उशिरा आला की आईच्या पाठीवर काय गुदरते, हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागणार नाही.

तोपर्यंत एक काम आजपासून करता येईल. आपल्या गल्लीच्या तोंडाशी एक काठी रोवा. इशारा नारिंगी असेल तर नारिंगी कापड, लाल असेल तर लाल कापड तीवर चढवा आणि नगरपालिकेच्या माणसाला त्या काठीपाशी आणून विचारा : हे काम आम्ही केले, आता तुमचे कोणते? उन्हाचा पहिला बावटा आपल्या हाताने लागू द्या. पुढचे बावटे लावणे त्यांना भाग पडेल.